घरची चाल

गॉस्पेल म्हटले की आपल्याला महालिया जॅक्सनचा आवाज आठवतो. मराठी ख्रिस्ती गीत ऐकायचे तर कान दुसरीकडे लावावा लागतो. पेटी, टाळ, मृदंग, समोर उभा कीर्तनकार; आख्यान येशूचे आणि मांडणी आपल्या ओळखीच्या कीर्तनाची. या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने शिरावे कुठून, असे कोणी विचारले तर मी एका घराचा पत्ता देतो: तेव्हाच्या अहमदनगरातल्या टिळकांचा.

त्याआधीही मराठीत हा सूर होताच. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 सालचे, गोव्यातले आणि ओवीबद्ध. एकोणिसाव्या शतकात मिशनची गीतपुस्तके निघाली, पण त्यांतली कितीतरी गीते इंग्रजी चालींवर बेतलेली होती. इंग्रजी चाल आघातावर चालते. मराठी पद्य लघु-गुरूवर, नाहीतर अक्षरांच्या मोजणीवर. मग ऱ्हस्व अक्षर नको तिथे ताणले जाते आणि शब्द गाताना मोडतो. भक्तीने गाणाऱ्यालाही ते खटकतेच.

नारायण वामन टिळकांकडे यावर औषध होते. 1861 साली कोकणातल्या करजगावी जन्मलेले टिळक 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले, ते अभंग-ओव्यांची शिदोरी घेऊनच. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. मराठी उपासनेच्या गीतसंग्रहातल्या सुमारे सातशे गीतांपैकी अडीचशेंवर त्यांची, अशी एक जुनी मोजणी आहे.

इथवरचे कोणत्याही वाङ्मयेतिहासात सापडेल. माझे म्हणणे पुढचे आहे. घराण्याचा वारसा बापाकडून मुलाकडे सरळ येतो, असे आपण धरून चालतो. टिळकांच्या घरात तो आधी दुभंगला. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, मूल आईजवळ. पुढची पाच वर्षे टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी कशी काढली, ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचावे. एवढे दुःख सांगतानाही ही बाई वाचकाला हसवते, म्हणून काही अभ्यासक तिला पुरेसे गंभीरपणे घेत नसावेत! 1900 साली त्या ख्रिस्ती झाल्या, स्वतः विचार करून, स्वतःच्या वेळी. 1919 मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे येशूचे काव्यमय चरित्र सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले साठाहून अधिक अध्याय लिहिले. मुलगा देवदत्त यांनी आईवडिलांचे लेखन सांभाळले, नातू अशोक टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. तीन पिढ्यांचे हे काम मिशनच्या अहवालांतून कळणार नाही. त्यासाठी माजघरात जावे लागते.

या गीतांच्या अभ्यासात अडचण एकच, पण मोठी. छापलेल्या पुस्तकात शब्द राहतात, गळा राहत नाही. गीताच्या डोक्यावर बारीक टायपात ‘चाल’ असे लिहून पुढे दुसऱ्याच कुठल्या तरी पदाचे पहिले दोन शब्द दिलेले असतात. छापले तेव्हा तेवढे पुरे होते, कारण ते पद सगळ्यांना येत असे. आज तेच पद विस्मरणात गेले, तर वरची खूण नुसती शाई. त्यामुळे या क्षेत्रात ग्रंथालयाइतकीच गरज आहे ती प्रार्थनेला चटईवर मागे बसून, न बघता गाणाऱ्या आजींची.

तेव्हा वाचकहो, आत या. संगीत येत नसले तरी चालेल. घरात भजनाची जुनी हस्तलिखित वही असेल तर ती रद्दीत घालू नका. आणि तिच्यातली गाणी म्हणणारे कोणी अजून घरात असेल, तर याच आठवड्यात त्यांच्यासमोर बसा आणि चालीसकट ध्वनिमुद्रित करून घ्या.