सावित्रीवरचा जुना पूल

कोंकणच्या गाडीत माणसाला कितीही गाढ झोप लागलेली असो, नदी आली की त्याला जाग येते. चाकांचा आवाज बदलतो, खिडकीतून गार वारा आत शिरतो आणि एखादी म्हातारी कनवटीचे नाणे काढून पाण्यात टाकते, हात जोडते आणि पुन्हा डोळे मिटते. महाडजवळ राजेवाडी फाट्यापाशी सावित्रीवर जो दगडी पूल होता, त्याच्याखाली अशी किती नाणी रुतून बसली असतील याची गणती कोण करणार? १९२८ साली बांधलेला तो पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री नदीने नेला. पूल गेला याचे दुःख थोडे. जाताना तो एकटा गेला नाही, हे खरे दुःख.

सावित्री ही महाबळेश्वराची लेक. तेथील देवळात पाच नद्यांचे उगम दाखवितात. त्यांतल्या कृष्णा, वेण्णा आणि कोयना देशावर नांदावयास गेल्या, सावित्रीने मात्र कोंकणाची वाट धरली. पोलादपूर, महाड करीत ती बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. वाट लहान आणि उतार मोठा, त्यामुळे घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस ती काही तासांत खाली आणून टाकते. उलट खाडीची भरती महाडपर्यंत वर चढते. दोहोंची गाठ पडली की महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरते.

ही पेठ जुनी, रायगडच्या सावलीत वाढलेली. भरतीबरोबर पडाव आणि गलबते वर येत, माल उतरे आणि वरंध घाटाने बैलांचे तांडे देशावर निघत. त्या काळी नदी हाच बाजाराचा हमरस्ता होता. मोटार आली आणि सारेच उलटे झाले. माल उत्तरेकडून दक्षिणेकडे, दक्षिणेकडून उत्तरेकडे जाऊ लागला. जी नदी पूर्वी माल आणून देत असे, तीच आता मालाला आडवी आली. सावित्रीवरच्या पुलाची खरी गरज येथून उत्पन्न झाली.

पुलाच्या आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. एकाच गावात, एकाच सुमारास, एकीकडे पाणी ओलांडण्याची सोय होत होती आणि दुसरीकडे पाण्याला हात लावण्याचा लढा उभा राहत होता. तळ्याचा न्यायालयातला शेवटचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. पूल त्या मानाने लवकर झाला म्हणावयाचा! असो.

दगडी कमानीची कल्पना मोठी सुबक आहे. घडीव दगड एकमेकांना असे रेटून बसवावयाचे की वरचे ओझे वाढेल तशी त्यांची मिठी घट्ट व्हावी. ओझ्याची तिला भीती नसते, कारण ओझ्यावरच ती जगते. बैलगाड्या आणि चार-दोन मोटारींच्या काळी बांधलेल्या पुलाने १९४८ नंतर एस.टी. पाहिली, पुढे मालमोटारींची रांग पाहिली, आणि कुरकुर म्हणून केली नाही. पण कमानीचा जीव असतो तिच्या खांबाच्या पायात. पुराचे पाणी तेथली माती उकरते, सांध्यांतला चुना वर्षावर्षाला धुपतो, फटींत पिंपळ रुजतो. एक खांब ढळला की दोन्ही बाजूंच्या कमानींचा आधार सुटतो, आणि मग ज्या रेट्याने त्या उभ्या असतात तोच रेटा त्यांना खाली ओढतो. लाकूड वाकून सांगते, लोखंड गंजून सांगते. दगड पुष्कळदा सांगतच नाही.

पुढे वाहतूक वाढली तेव्हा शेजारी दुसरा पूल उभा राहिला. जुन्याला निवृत्त करण्याची ती उत्तम संधी होती. झाले असे की कामाची वाटणी झाली: गोव्याकडे जाणारी वाहने एका पुलावरून आणि मुंबईकडे येणारी दुसऱ्यावरून, म्हणजे जुन्यावरून. घरात नवी सून आली म्हणून सासूने पाट सोडू नये, तसे! २०१६ च्या मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती व तो वाहतुकीस योग्य असल्याचे दुर्घटनेनंतर सरकारकडून सांगण्यात आले. मे महिन्यातली सावित्री आणि ऑगस्टमधली सावित्री या दोन निराळ्या नद्या आहेत, एवढेच मी म्हणेन.

२ ऑगस्टला आषाढी अमावास्या होती, दिव्यांची अवस. घरोघरी समया घासूनपुसून, पाटावर मांडून पुजल्या गेल्या असतील. महाबळेश्वरावर पाऊस धो धो कोसळत होता, आणि अमावास्येची भरती मोठी. मध्यरात्रीच्या सुमारास काळोखात पूल खचला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्या व एक मोटार पाण्यात गेली. चाळीसच्या आसपास माणसे दगावली. पुलाजवळच्या गॅरेजातल्या एका कामगाराच्या ध्यानात आले की पुढे गेलेल्या गाडीचे दिवे दिसेनासे झाले. तो धावला, मागून येणाऱ्या गाड्या त्याने थांबविल्या. नाहीतर आकडा कोठे गेला असता कोण जाणे!

पुढचे दिवस शोधाचे. नौदल, तटरक्षक दल, पाणबुडे, सारे आले; बुडालेल्या गाड्या हुडकण्यासाठी यारीला टांगून मोठा लोहचुंबक पाण्यात सोडण्यात आला. काही देह दूर समुद्रकिनाऱ्याला, हरिहरेश्वराकडे लागले. काही सापडलेच नाहीत. त्या घरांनी कोणत्या तिथीला पान मांडावयाचे? चौकशीसाठी निवृत्त न्यायाधीशांचा आयोग नेमला गेला आणि राज्यभरच्या जुन्या पुलांच्या तपासणीचे हुकूम सुटले.

आणि नवा पूल? तो १६५ दिवसांत झाला. २३९ मीटर लांब, १६ मीटर रुंद, खर्च सुमारे ३५ कोटी ७७ लाख रुपये. ५ जून २०१७ रोजी, पावसाळा तोंडावर असताना, केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते तो खुला झाला. बांधणाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे, आणि मी ते मनापासून करतो. पण हा आकडा वाचला की आनंदाऐवजी मन खट्टू होते. पैसा होता, विद्या होती, माणसे होती. साडेपाच महिन्यांचे काम होते. शेजारचा पूल उभा राहिल्यावर अशा साडेपाच महिन्यांच्या सवडी कितीतरी आल्या आणि गेल्या.

२२ जुलै २०२१ ला सावित्री पुन्हा कोपली. महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, दुकानांतला माल चिखल झाला, तळियेवर तर दरडच कोसळली. नवा पूल मात्र त्या पुरातही उभा राहिला. त्यावरून गाडी जाते तेव्हा चाकांचा आवाज पूर्वीसारखा बदलत नाही, त्यामुळे झोपलेल्याला नदी आल्याचे कळतही नाही. एखादी म्हातारी मात्र जागी असते. ती खिडकी सरकवते, नाणे टाकते, आणि हात जोडताना आता थोडा अधिक वेळ घेते.