वजन गुणिले उंची

शाळेच्या विज्ञानात स्थितिज ऊर्जेचे सूत्र चार ओळींत उरकते: वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार. पुस्तकात आधी कार्य, मग ऊर्जा आणि शेवटी सूत्र येते. इतिहासाचा क्रम मात्र उलटा आहे. गुणाकार आधी वापरात आला, नाव फार उशिरा मिळाले.

आपण 1686 सालात जाऊ. लाइपझिगच्या ‘आक्टा एरुडिटोरुम’ या नियतकालिकात जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सने दिवंगत फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची चूक दाखवली. देकार्त गतीचे माप वस्तुमान गुणिले वेग असे धरत असे. लायब्निट्सचे म्हणणे साधे होते. एक पौंडाचे वजन चार हात उचलायला जितके बळ लागते, तितकेच चार पौंड एक हात उचलायला लागते. हे देकार्तच्या अनुयायांनाही मान्य होते. आता दोन्ही वजने खाली सोडा. गॅलिलिओच्या नियमाप्रमाणे चौपट उंचीवरून पडणाऱ्याचा वेग दुप्पटच होतो. देकार्तच्या मापाने एकाचे उत्तर दोन येते, दुसऱ्याचे चार. वेगाचा वर्ग घेतला की दोन्हीकडे चार! गणिताचा असा देखणा डाव क्वचितच पाहायला मिळतो. पुढे हॉलंडमध्ये स्ग्राव्हेसांडने पितळी गोळे मऊ चिकणमातीत टाकून तेच पडताळले आणि 1740 मध्ये एमिली द्यु शातले यांनी आपल्या ग्रंथात ही बाजू हिरिरीने मांडली.

यानंतर सूत्र तत्त्वज्ञांच्या हातून यंत्रवाल्यांकडे गेले. पाणचक्क्या मोजणाऱ्या स्मीटनने 1759 मध्ये वजन आणि उंचीचा गुणाकारच कामाचे माप मानला. 1829 मध्ये कोरिओलिसने ‘कार्य’ ही संज्ञा रुळवली, गतिज ऊर्जेच्या सूत्रात वेगाच्या वर्गाआधी येणारा ‘अर्धा’ही त्याचाच. जूलने पडत्या वजनांनी पाणी घुसळून उष्णतेचा हिशेब मांडला. अखेर 1853 मध्ये स्कॉटिश अभियंता रँकिनने ‘पोटेन्शियल एनर्जी’ हे नाव दिले.

हिशेब आपणही करून पाहू. दहा मीटर उंचीवरच्या 500 लिटरच्या टाकीत 49,000 जूल साठतात. विजेचे एक युनिट 36 लाख जूलांचे असते. म्हणजे अशा 73 टाक्यांतही एक युनिट पुरते भरत नाही. म्हणूनच घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात पाणी सह्याद्रीचा कडा चढवून वरच्या जलाशयात न्यावे लागते, तेव्हा कुठे 250 मेगावॉटची यंत्रे फिरतात.