रेंगाळणारा खोकला आणि चिनी औषधपरंपरा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
औषधांचा इतिहास पुष्कळदा शोधांची क्रमवारी म्हणून लिहिला जातो. प्राचीन वनस्पती, तिच्यातील क्रियाशील घटक आणि त्यापासून आधुनिक औषध अशी सरळ रेषा आखली जाते. चिनी परंपरेतील खोकल्याच्या औषधांना ही रेषा कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथपरंपरा :
'ह्वांगदी नेइजिंग' या प्राचीन ग्रंथाने खोकला हा केवळ फुप्फुसाचा विकार मानला नाही. इतर अंतर्गत अवयवांमुळेही तो उद्भवतो, अशी त्याची भूमिका आहे. इ.स. २०० च्या सुमारास चांग चोंगचिंग यांनी शीतजन्य विकारांची मांडणी अवस्थांनुसार केली. त्यांचा मा-ह्वांग या वनस्पतीचा प्रसिद्ध काढा आरंभीच्या अवस्थेसाठी, म्हणजे थंडी वाजून ताप येणे, घाम न येणे आणि धाप लागणे यांवर आहे.

रेंगाळणाऱ्या खोकल्यासाठी पुढे वेगळा विचार झाला. छिंग राजवटीतील वैद्य छंग क्वोफंग यांनी १७३२ च्या 'यीश्वे शिनवू' या ग्रंथात 'चि-सौ-सान' हे चूर्ण दिले. फुप्फुसाला त्यांनी घंटेची उपमा दिली. घंटा आघाताशिवाय वाजत नाही; म्हणून आघात दूर करावा, घंटा झिजवू नये, असा त्यांच्या विचाराचा आशय आहे. त्यानुसार बाइपू, त्स-वान, बाइछिएन, चिए-कंग, चिंग-चिए, संत्र्याची साल आणि आपल्या ज्येष्ठमधाच्याच प्रजातीतील कान-त्साओ ही सात द्रव्ये त्यांनी योजिली. या योगात मा-ह्वांग नाही, हे लक्षणीय आहे.

प्रयोगशाळा आणि परंपरा :
१८८५ मध्ये जपानी शास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी मा-ह्वांगमधून इफेड्रिन वेगळे केले. १९२४ मध्ये पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजमधील चेन खहुइ व कार्ल श्मिट यांच्या संशोधनानंतर ते दम्यावरील औषध म्हणून जगभर पोहोचले. या यशाचा अर्थ दोन प्रकारे लावता येत होता : परंपरा खरी ठरली, अथवा वनस्पती पुरेशी आहे, सिद्धांताची गरज नाही. १९२९ मध्ये नानकिंग सरकारपुढे जुने वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा १७ मार्चला शांघायमध्ये वैद्यांनी एकत्र येऊन विरोध केला आणि प्रस्तावाची अंमलबजावणी झाली नाही. 'चि-सौ-सान'ला मात्र इफेड्रिनसारखे एकच द्रव्य लाभले नाही. तरीही हा योग प्रचारात राहिला.

प्राचीनतेची मर्यादा :
तथापि, दीर्घ वापर म्हणजे सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. आपल्या ईश्वरीच्या कुळातील मा-तौ-लिंग या वेलीचे फळ चीनमध्ये शतकानुशतके खोकल्यावर दिले गेले. त्यातील अॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडास घातक व कर्ककारक असल्याचे आधुनिक संशोधनाने दाखविले आणि चिनी औषधसंहितेच्या २०२० च्या आवृत्तीतून हे फळ वगळले गेले. वर्षानुवर्षांनी प्रकटणारी हानी रुग्णाच्या शय्येजवळील अनुभवाला दिसणे कठीण होते.

समारोप :
सारांश, इफेड्रिनपुरता लिहिलेला इतिहास छंग क्वोफंग यांना वगळतो, तर परंपरेचा गौरवपर इतिहास मा-तौ-लिंगला. जुन्या वैद्यांचा तर्क त्यांच्या काळाच्या चौकटीत समजून घेणे हे इतिहासकाराचे काम आहे. औषधाच्या गुणाचा निर्णय मात्र चिकित्सेच्या कसोटीवरच व्हावयास हवा. या दोन प्रश्नांची गल्लत टाळली, तरच आपल्याकडील देशी वैद्यकाचा इतिहासही अभिनिवेशाविना लिहिता येईल.