तलाव कधी आटला होता?

परळीत गळ टाकायचा तर आमिषाआधी एक चौकशी करावी, तलाव शेवटचा कोरडा कधी पडला? मी परळीच्या औष्णिक वीज केंद्रात, म्हणजे आमच्या थर्मलला नोकरी केली आणि सुट्ट्या नागापूरच्या वाण धरणावर नाहीतर चांदापूरच्या तलावावर काढल्या. ही चौकशी एका म्हाताऱ्या भोईमामांनी शिकवली.

धरणं नव्हती तेव्हा मासेमारी वाण नदीच्या डोहांपुरतीच. पहिल्या पुराला ओढ्यांतून चढणीचे मासे, पुढे उन्हाळ्यात उरलेली डबकी. मरळ, वाम, शिंगटे, खवल्या एवढाच ऐवज. रोहू-कटला तलावांत आले ते सोडलेल्या मत्स्यबीजातून. पूर्वी हे बीज पूर आलेल्या नद्यांतून गोळा करत. १९५७ साली ओडिशात अंगुलला हिरालाल चौधरींनी माशाला पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली, तेव्हापासून हे बीज मुद्दाम तयार करता येऊ लागलं. चिलापी (तिलापिया) त्याआधीच, १९५२ साली देशात आली होती. मला तिची चव आवडत नाही. पण काठाशी गांडूळ लावून बसलेल्या नवशिक्याला तीच रिकाम्या हाती पाठवत नाही.

आता त्या चौकशीचं कारण. रोहू-कटल्याला अंडी घालायला वाहतं पुराचं पाणी लागतं, लहान तलावाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. तलाव आटला की ते संपले. मच्छीमार सोसायटी नवी बोटुकली सोडेल, ती वाढेल, तोवर थांबायचं. मरळीचं तसं नाही. ती वरची हवा घेते, ओल्या चिखलात तग धरते. म्हणून दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात रोहूसाठीच्या कणकेच्या गोळ्या घरीच ठेवाव्यात. बेडकाचं पिल्लू गळाला लावून पाणगवताच्या कडेने हळूहळू ओढावं.

आमच्याकडे दुष्काळ म्हणजे काय ते थर्मलवाल्यांना सांगायला नको. १९७१ साली केंद्राचा पहिला संच सुरू झाला. पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचं. जुलै २०१५ मध्ये पाणीच नाही म्हणून अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं. केंद्रालाच पाणी नाही, तिथे रोहूला कुठलं?

पाणी भरपूर असेल तेव्हा रोहू पाण्याच्या मधल्या थरात शोधावा. काळ्या मातीचं गढूळ पाणी, त्यात त्याला आमिष दिसण्यापेक्षा त्याचा वास आधी लागतो. शेंगदाण्याची पेंड भिजवून कणकेत मळावी. ज्वारीच्या चिपाडाचा बोटभर तुकडा दोरीला बांधला की तरंगी झाली. रोहू ती एकदम बुडवत नाही, दोनदा थरथरवतो, मग तिरकी ओढतो. झटका तेव्हा द्यायचा. वारा ज्या काठाकडे वाहतो, तिथे बसावं. ढगाळ, कोंदट पहाटे मासे तोंडं वर काढून हवा घेताना दिसले तर गळ गुंडाळावा, पाण्यातला प्राणवायू घटलेला असतो आणि मासा खात नाही. आणि तलाव ठेक्याने दिलेला असतो, तेव्हा सोसायटीच्या माणसाला विचारूनच बसावं. तलाव कधी आटला होता, तेही त्यालाच पक्कं ठाऊक असतं.