‘तुझे पत्ते कोणते?’ : संगणकाला विचारलेल्या एका प्रश्नाचा इतिहास

१/ जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक संगणकाला एक प्राथमिक प्रश्न विचारावा लागतो : जाळ्याकडे उघडणारी तुझी दारे किती, आणि प्रत्येक दारावरचा पत्ता कोणता? या दारांना नेटवर्क इंटरफेस म्हणतात. वायफाय हे एक दार, केबल हे दुसरे. प्रश्न विचारण्याची एक पद्धत १९८३ साली रूढ झाली आणि ती आजही चालू आहे. तिच्या उत्तरातून काय गळते, हा या धाग्याचा विषय.

२/ आधी काळ समजून घेऊ. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून उभे राहिलेले अर्पानेट १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी/आयपी या नव्या नियमावलीवर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने ‘४.२ बीएसडी’ ही युनिक्सची आवृत्ती प्रसृत केली. तिच्या जाळेविषयक भागाची घडण मुख्यतः बिल जॉय यांची. ते १९८२ साली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये गेल्यावर सॅम लेफ्लर यांनी काम तडीस नेले.

३/ युनिक्सची परंपरा अशी, की उपकरणही फाइलसारखेच दिसावे. डिस्क असो वा टर्मिनल, ‘डेव्ह’ निर्देशिकेत त्याच्या नावाची नोंद असते. ती उघडावी, वाचावी, लिहावी. नेटवर्क इंटरफेस या चौकटीत बसेना. एकाच तारेवरून अनेक आज्ञावलींची पाकिटे येतात-जातात, ती एका फाइलसारखी सलग वाचणार कशी? म्हणून बर्कलीत ‘सॉकेट’ ही वेगळी सोय आली आणि इंटरफेस ‘डेव्ह’च्या बाहेरच राहिला.

४/ मग त्याची माहिती मागायची कोठून? १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ‘आयऑक्टल’ नावाचे आवाहन आले होते. वाचणे-लिहिणे यांत न बसणारी कामे, उदाहरणार्थ टर्मिनलचा वेग बदलणे, त्याच्याकडे सोपवली जात. बर्कलीकरांनी इंटरफेसची चौकशीही तिथेच नेली : एखादे सॉकेट उघडायचे आणि त्याच्या आडून कर्नेलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला, विचारायचे.

५/ या चौकशीचे नाव ‘एसआयओसी-जी-इफकॉन्फ’. रीत सरकारी कचेरीसारखी आहे. अर्जदार आज्ञावलीने स्मृतीतला एक कोरा तुकडा राखून ठेवायचा आणि त्याची लांबी कळवायची. कर्नेल त्यात एकामागून एक नोंदी भरतो आणि किती जागा वापरली ते सांगतो. मूळ नोंदीत १६ बाइट इंटरफेसच्या नावाला आणि १६ बाइट पत्त्याला.

६/ पत्त्याच्या १६ बाइटांतले २ प्रकार सांगण्यासाठी, उरले १४. त्या काळचा आयपी पत्ता अवघा ४ बाइटांचा, जोडीला २ बाइटांचा पोर्ट क्रमांक. म्हणजे ८ बाइट रिकामेच. व्हॅक्स यंत्राला तेव्हा इंटरफेस सहसा एखाद-दुसराच असे. त्या घडीला ही रचना पुरेशी ऐसपैस होती.

७/ पहिली अडचण तुकड्याच्या लांबीची. तो अपुरा पडला, तर अनेक प्रणाली मावतील तेवढ्याच नोंदी भरत आणि ‘काम यशस्वी’ असे कळवत. रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या युनिक्स जाळेविषयक ग्रंथाच्या १९९८ च्या आवृत्तीत यावरचा तोडगा आहे : तुकडा वाढवून पुन्हा विचारा, दोन्ही वेळा उत्तराची लांबी सारखीच आली, तरच ते पूर्ण माना. एका साक्षीवर विसंबू नये, हे आपण इतिहासात शिकतो तेच.

८/ दुसरी अडचण अधिक खोल. डिसेंबर १९९५ मध्ये आयपीव्ही६ चा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. त्याचा पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे १६ बाइटांचा. १४ बाइटांच्या खणात तो मावणे अशक्य. बीएसडीच्या शाखेने १९९० सालीच पत्त्यासोबत त्याची लांबी लिहिण्याची सोय केली होती. लिनक्सने मात्र जुना खण तसाच ठेवला. आजही तेथे ही चौकशी फक्त आयपीव्ही४ पत्ते सांगते.

९/ याचा अर्थ काय? ज्या इंटरफेसला केवळ आयपीव्ही६ पत्ता आहे, तो या यादीत येतच नाही. त्रुटीचा संदेशही नाही. या यादीवर विसंबून सुरक्षेची तपासणी करणारी आज्ञावली ‘एवढीच दारे आहेत’ असे समजेल, आणि एक दार तिच्या नकळत उघडे राहील.

१०/ हे सारे अटळ होते का? त्याच काळातला दुसरा निर्णय पाहा. झेरॉक्सच्या प्रायोगिक इथरनेटमध्ये यंत्राचा क्रमांक ८ बिटांचा होता. म्हणजे २५६ क्रमांक. १९८० च्या इथरनेट मानकात तो ४८ बिटांचा झाला. त्यामागची मीमांसा १९८१ च्या एका निबंधात आहे. तो लिहिला योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी. दलाल हे मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर; १९७४ च्या टीसीपीच्या पहिल्या तपशीलवार मसुद्याच्या तीन लेखकांपैकी एक.

११/ तो ४८ बिटांचा क्रमांक आजही पुरतो. पण दूरदृष्टीलाही तिची किंमत मोजावी लागते. कायमचा, जगात एकमेव असा क्रमांक माणसाचा माग काढण्यासही उपयोगी पडतो. हा क्रमांक आयपीव्ही६ पत्त्यात गुंफला जाऊ लागल्यावर, २००१ साली तात्पुरते, यदृच्छेने निवडलेले पत्ते वापरण्याची पद्धत मांडावी लागली.

१२/ प्रश्न विचारण्याच्या नव्या वाटाही निघाल्या. बीएसडीत १९९० च्या सुमारास राउटिंग सॉकेट, पुढे ‘सिसकंट्रोल’. लिनक्समध्ये १९९९ च्या २.२ आवृत्तीपासून नेटलिंकद्वारे ही माहिती मिळू लागली. त्यात प्रत्येक तपशील स्वतःची लांबी आणि प्रकार घेऊन येतो, म्हणून नवे तपशील जुन्या चौकटीला न मोडता भर घालतात. ‘गेटइफअ‍ॅड्र्स’ या सोप्या आवाहनामुळे आज्ञावलीकाराला बाइट मोजत बसण्याची गरज उरली नाही.

१३/ तरीही १९८३ ची चौकशी काढून टाकलेली नाही, कारण तिच्यावर उभ्या असलेल्या जुन्या आज्ञावली मोडतील. लिनक्सवर स्वतः पाहा : ‘आयपी’ या साधनाने एका इंटरफेसला, वेगळे नाव न देता, दुसरा आयपीव्ही४ पत्ता द्या, मग जुने ‘इफकॉन्फिग’ चालवा. तो पत्ता तिथे दिसणार नाही. यंत्र मात्र त्या पत्त्यावर उत्तर देत राहील.

१४/ दप्तरखान्यातही असेच घडते. ज्या नोंदवहीत केवळ खातेदाराच्या नावाचा रकाना असतो, तिच्यात ती जमीन कसणारा सापडत नाही. म्हणून कोणतीही यादी हाती आली, की नोंदी वाचण्याआधी रकाने वाचावेत : ते कोणी आखले, केव्हा, आणि त्यांत काय मावणार नव्हते.

धागा समाप्त.