नर्तकांचीं छायाचित्रें

लोकनर्तकाचें छायाचित्र घेणें आज सोपें झालें आहे. आरंभीं तें जवळजवळ अशक्य होतें.

मुंबईंत छायाचित्रणाचें मंडळ इ. स. १८५४ मध्यें स्थापन झालें. पुढें विल्यम जॉन्सन यांनीं १८६३ व १८६६ सालीं मुंबई इलाख्यांतील जातीजमातींचे दोन सचित्र खंड प्रसिद्ध केले. त्यांतील युक्ति मौजेची आहे. माणसें एका जागीं उभीं करून टिपलीं, आणि त्यांच्यामागचा देखावा दुसऱ्याच काचेवरून आणून जोडला!

याला लबाडी म्हणण्याची घाई करूं नये. त्या वेळीं काचेवर कलोडियनचा लेप देऊन, तो ओला आहे तोंवरच चित्र घ्यावें लागे व लागलीच अंधारांत धुवावें लागे. प्रकाश कांहीं सेकंद आंत यावा लागे. तेवढा वेळ माणसानें हलावयाचें नाहीं. डोकें डुलूं नये म्हणून मानेमागें लोखंडी टेकण लावीत. ज्याचा धर्मच गिरकी घेण्याचा, त्यानें अशा टेकणाला मान लावून उभें राहावयाचें! म्हणून त्या काळच्या नर्तकांच्या चित्रांत पोषाख दिसतो, चाळ दिसतात. नाच दिसत नाहीं.

१८६८ ते १८७५ या काळांत वॉटसन व के यांनीं संपादिलेले 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड लंडनहून निघाले. चित्रें चारशेंहून अधिक. पण बहुतेकांखालीं जातीचें नांव आहे, माणसाचें नाहीं. राज्यकर्त्यांस प्रजेची ओळख हवी होती, ती अशी.

मात्र साहेबाला दोष देतांना माझी जीभ अडखळते. १९८७ सालीं मी माणदेशांतील एका शाळेवर होतों. बिरोबाच्या जत्रेंत धनगरांची गजी रंगली होती. हातांत कॅमेरा घेऊन मीं त्यांना स्तब्ध उभें राहावयास सांगितलें. म्होरके आजोबा हसून म्हणाले, "मास्तर, हुबंच ऱ्हायाचं तर ढोल कशापाय आणला?" तरी बाराही जण उभे राहिले. गिरकींत छत्रीसारखे फुलणारे ते पांढरे झगे अंगाला चिकटून लोंबूं लागले. चित्र शाळेंत लावलें, आणि खालीं मीं वळणदार अक्षरांत लिहिलें : 'धनगरी गजी, १९८७'.

कांहीं वर्षांपूर्वीं एक तरुण माझें घर शोधीत आला. "गुरुजी, यांत आमचे आजोबा कोणते? घरांत त्यांचा एकही फोटो नाहीं." मला त्या म्होरक्याचें वाक्य आठवत होतें, नांव एकाचेंही आठवेना. त्यानें मोबाईलवर चित्राचें चित्र घेतलें व आजीला दाखवितों म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशीं त्याचा फोन आला. डावीकडून चौथे. मी शाळेंत जाऊन तें नांव चित्राखालीं लिहून आलों. अकरा नांवें अजून राहिलीं आहेत.