गर्भपात सेवांची सरकारी आकडेवारी : नागपूर जिल्हा

वैद्यकीय गर्भपात कायद्याखाली मान्यता मिळालेली केंद्रे दरमहा जी विवरणे पाठवतात, त्यांची जिल्हा, राज्य व देश या पातळ्यांवर होणारी बेरीज. किती स्त्रियांनी गर्भपात करवून घेतला हे या बेरजेतून कळत नाही. मान्यताप्राप्त केंद्रांनी किती गर्भपात कागदावर आणले एवढेच कळते. या दोहोंत अंतर किती आणि ते कोणत्या टप्प्यावर पडते, हे तपासल्याशिवाय आकडेवारीच्या गुणवत्तेविषयी काही बोलता येत नाही. नागपूर हे त्यासाठी चांगले उदाहरण आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालये, खासगी प्रसूतिगृहांची दाटी, मध्य प्रदेशची लागून असलेली सीमा आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ हे सारे या एका जिल्ह्यात आहे.

पार्श्वभूमी : या विषयातला पहिला गाजलेला राष्ट्रीय आकडा एका महाराष्ट्रीय मंत्र्याच्या नावाशी जोडलेला आहे. राज्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये नेमलेल्या समितीने डिसेंबर १९६६ मध्ये अहवाल दिला. ५० कोटी लोकसंख्येत वर्षाला ६५ लाख गर्भपात होत असावेत, त्यांपैकी २६ लाख नैसर्गिक आणि ३९ लाख करवून घेतलेले, असा तिचा हिशोब होता. तो प्रत्यक्ष मोजणीतून नव्हे, गृहीतकांतून आला होता. तरीही पुढे कित्येक वर्षे तेच सूत्र वाढत्या लोकसंख्येला लावून नवे अंदाज काढले गेले. समितीच्या शिफारशींतून १९७१ चा अधिनियम आला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. नोंद ठेवण्याची सक्ती त्याच्याबरोबरच आली. राज्य सरकारांनी नियमावली करून डॉक्टरांकडून माहिती मागवावी आणि ती इतर कोणाला उघड होऊ देऊ नये, असे कलम ७ सांगते. मागणे आणि झाकणे या दोन्ही आज्ञा एकाच कलमात आहेत, आणि पुढची बरीच गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

नोंदीची साखळी : गर्भपाताची गरज असल्याचे डॉक्टरांचे मत एका नमुन्यात आणि स्त्रीची संमती दुसऱ्या नमुन्यात घेतली जाते. हे दोन्ही कागद लिफाफ्यात मोहोरबंद होतात आणि लिफाफ्यावर ‘गुप्त’ असे लिहिले जाते. स्त्रीचे नाव, वय, पत्ता, गर्भाचे आठवडे, कारण आणि डॉक्टरचे नाव फक्त दाखल नोंदवहीत म्हणजे फॉर्म तीनमध्ये येते. केसपेपरवर किंवा शस्त्रक्रियागृहाच्या वहीत नाव लिहायचे नसते, तिथे फक्त अनुक्रमांक जातो. हा अनुक्रमांक दर जानेवारीला नव्याने सुरू होतो आणि त्यापुढे वर्ष लिहितात. शेवटच्या नोंदीपासून पाच वर्षे वही जपायची असते. या वहीतून महिनाअखेर फॉर्म दोन तयार होतो. त्यात नावे नसतात, नुसत्या बेरजा असतात : किती आठवड्यांचे किती, कोणत्या कारणाने किती, गर्भपातानंतर शस्त्रक्रिया किंवा तांबी किती जणींनी स्वीकारली.

याच महिन्याची माहिती दुसऱ्या वाटेनेही जाते. २००८ पासून चालू असलेल्या एचएमआयएस या राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणालीत रुग्णालये बारा आठवड्यांपर्यंतचे व त्यापुढचे गर्भपात वेगळ्या रकान्यांत भरतात. ही प्रणाली एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष धरते, वहीतले वर्ष मात्र जानेवारी ते डिसेंबर असते. त्यामुळे दोन्ही वाटांचे वार्षिक आकडे जुळले नाहीत तर पहिला संशय चुकीवर नव्हे, कॅलेंडरवर घ्यावा. महिन्यांचे आकडे शेजारी ठेवले की खरी तफावत दिसू लागते.

नागपुरातील अडचण : शहरातील संस्थांचे मालक वेगवेगळे आहेत. मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाची, डागा स्मृती स्त्री रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे, पाचपावली सूतिकागृह महापालिकेचे, एम्स केंद्राचे, सोमवारी पेठेतील रुग्णालय राज्य कामगार विमा योजनेचे. शहरातील खासगी केंद्रांचा संबंध महापालिकेच्या आरोग्य विभागाशी येतो. काटोल, उमरेड, रामटेककडची माहिती जिल्ह्याच्या वाटेने जाते, आणि पुढे नागपूर परिमंडळाच्या आरोग्य उपसंचालकांकडे सहा जिल्ह्यांची माहिती एकत्र येते. इतक्या दारांतून येणाऱ्या कागदांची बेरीज करणाऱ्या सांख्यिकी सहाय्यकाला प्रत्येक दाराची यादी माहीत असेल तरच ती बेरीज पूर्ण होते. म्हणून मान्यताप्राप्त केंद्रांची अद्ययावत यादी ही गुणवत्तेची पहिली अट आहे. बंद पडलेले, मालक बदललेले किंवा एका पेठेतून दुसरीकडे हललेले केंद्र यादीत तसेच राहिले, तर ‘किती टक्के केंद्रांनी विवरण पाठवले’ हे प्रमाणही फसवे निघते.

त्यानंतर येतो निरंक अहवाल. महिन्यात एकही गर्भपात न करणाऱ्या केंद्रानेही तसे कळवायला हवे. शून्य ही माहिती आहे, कोरा रकाना ही माहिती नाही. संगणकात मात्र कोऱ्या रकान्याची बेरीज शून्यासारखीच होते आणि न पाठवलेला अहवाल न झालेल्या गर्भपातासारखा दिसू लागतो. महिनोन्महिने निरंक पाठवणाऱ्या प्रसूतिगृहाकडे एकदा तरी जाऊन फॉर्म तीनची वही पाहणे, हा कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा भरवशाचा उपाय ठरावा. कागद वेळेवर न पाठवण्याचा धाक मात्र फारसा नाही. कलम ७ च्या नियमावलीचा हेतुपुरस्सर भंग केल्यास दंड एक हजार रुपयांपर्यंतच आहे. त्याच डॉक्टरच्या सोनोग्राफीच्या खोलीतला फॉर्म एफ मात्र गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली येतो. त्यातली त्रुटीही कायद्याचा भंग धरली जाते आणि शिक्षा तीन वर्षांच्या कैदेपर्यंत जाते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये ही तरतूद कायम ठेवली. अशा स्थितीत कोणता फॉर्म आधी आणि नीट भरला जाईल, हे वेगळे सांगायला नको.

काय सुटते : सर्वांत मोठी गळती औषधांच्या दुकानातून होते. मिफेप्रिस्टोनला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि मिसोप्रोस्टोलसह एकत्रित पाकीट २००८ च्या अखेरीस आले. गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळायला हव्यात, पण चिठ्ठीविना घेतलेल्या गोळीची वही कुठेच नसते. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २०१५ साली देशात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज दिला. त्यांपैकी सुमारे ७३ टक्के आरोग्य संस्थांबाहेर, गोळ्यांनी झालेले होते. त्या काळचा सरकारी वार्षिक आकडा सात लाखांच्या आसपास फिरत होता. मात्र त्या अभ्यासातील संस्थांची पाहणी आसाम, बिहार, गुजरात, मध्य प्रदेश, तमिळनाडू आणि उत्तर प्रदेश या सहा राज्यांत झाली. त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणून त्यातले प्रमाण जसेच्या तसे नागपूरला लावणे म्हणजे शाह समितीच्या सूत्राचीच पुनरावृत्ती ठरेल.

घरी गोळी घेऊन रक्तस्राव थांबला नाही की स्त्री डागाला किंवा मेडिकलला येते. तिथे तिची नोंद अपूर्ण गर्भपात म्हणून होते, ‘क्युरेटिंग’ केले जाते, आणि हा प्रसंग नैसर्गिक गर्भपातांच्या किंवा गर्भपातोत्तर गुंतागुंतीच्या रकान्यात जातो. उलटही घडू शकते. एका केंद्राने दिलेली गोळी अयशस्वी झाली आणि दुसऱ्या केंद्राने पिशवी साफ केली, तर एकाच गर्भाची नोंद दोनदा होते. एकूण आकड्यात अशा दुहेरी नोंदींपेक्षा सुटलेल्या नोंदींचाच भार कितीतरी अधिक असणार, हे वरच्या आकड्यांवरून स्पष्ट आहे.

वहीबाहेर काय चालते याची कल्पना कधी कधी पोलिसांच्या पंचनाम्यातून येते. जानेवारी २०२२ मध्ये शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आर्वी येथील एका खासगी रुग्णालयाच्या आवारात बायोगॅसच्या खड्ड्यातून भ्रूणांच्या ११ कवट्या निघाल्या. तपास सुरू झाला तो एका अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या तक्रारीवरून. मासिक विवरणातली विसंगती त्याला कारण नव्हती.

कारणांचा रकाना : हा रकाना वाचताना कायद्याची भाषा शेजारी ठेवावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीपूर्वी गर्भनिरोधक निकामी ठरल्याचे कारण ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरते होते. अविवाहित स्त्रीची नोंद करायची तर दुसरे कारण शोधावे लागे, किंवा तिला विवाहित लिहावे लागे. २४ सप्टेंबर २०२१ पासून ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. त्या तारखेच्या अलीकडच्या व पलीकडच्या कारणांची तुलना करून समाज बदलला असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. बदललेला असतो तो रकाना. आठवड्यांचेही तसेच. पूर्वी बारा आठवड्यांपुढे दोन डॉक्टरांचे मत लागे, आता ती अट वीस आठवड्यांपुढे लागते. सीमा जिथे असते तिच्या अलीकडे नोंदी दाटलेल्या दिसल्या, तर सोनोग्राफीचे अहवाल पाहून खात्री करावी.

अठरा वर्षांखालील मुलींबाबत पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे, त्यामुळे मुली आणि डॉक्टर दोघेही नोंद टाळतात. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, परस्परसंमतीच्या संबंधांतून गरोदर राहिलेली मुलगी व तिचे पालक यांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना तिची ओळख देण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. हा निकाल प्रसूतिगृहाच्या काउंटरपर्यंत पोहोचला तर वयाच्या रकान्यात थोडा खरेपणा येईल.

पडताळणी : बाहेरून पडताळणीचे दोन मार्ग महाराष्ट्रात वापरले गेले आहेत. एक घरोघरी विचारण्याचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील बेला गणात्रा व सिद्धी हिरवे यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, तसेच मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेने असे काम केले. दुसरा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा. २०१९-२१ च्या फेरीत देशातील सुमारे २७ टक्के गर्भपात स्त्रियांनी स्वतः घरीच केल्याचे सांगितले. परक्या माणसाला दारात हे सांगायला किती जणी धजावतील, हा प्रश्न दोन्ही मार्गांना लागू आहे. आतून पडताळणी करताना फॉर्म दोन फॉर्म तीनशी, तो शस्त्रक्रियागृहाच्या वहीतील अनुक्रमांकांशी आणि सरकारी संस्थेत औषधांच्या व किटच्या साठ्याशी ताडून पाहता येतो.

इंग्लंड व वेल्समध्ये प्रत्येक गर्भपाताचा स्वतंत्र फॉर्म चौदा दिवसांच्या आत प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातो, म्हणून तिथे राहण्याच्या ठिकाणानुसारही आकडे निघतात. नागपूरला नेमके हेच जमत नाही. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहून आलेल्या स्त्रीचा पत्ता फॉर्म तीनमध्ये असतो, पण फॉर्म दोनमध्ये ती नागपूरच्या बेरजेत विरघळते. त्या बेरजेला जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागून काढलेला दर (२०११ च्या जनगणनेत ४६,५३,५७०) शहराच्या रुग्णालयांची ओढ मोजतो, जिल्ह्यातील स्त्रियांचे वर्तन नव्हे. स्वतंत्र फॉर्मची नक्कल इथे करावी का, यावर मात्र घाई नको. कुही किंवा भिवापूरसारख्या तालुक्यात महिन्याला दोन-तीन नोंदी असतील, तर वय, आठवडे आणि कारण एवढ्यावरूनच गाव ओळखू शकते. गोपनीयतेच्या भंगाला २०२१ च्या दुरुस्तीने एक वर्षापर्यंत कैद ठेवली आहे. त्यामुळे फॉर्म दोनमध्ये निवासाचा केवळ जिल्हा विचारणारा एक रकाना आणि तालुक्यांऐवजी परिमंडळाच्या पातळीवर प्रसिद्धी, हा मध्यम मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

चोवीस आठवड्यांपुढची प्रकरणे या साऱ्याला अपवाद आहेत. ती वैद्यकीय मंडळापुढे जातात. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचे असते. काही प्रकरणे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोहोचतात, आणि त्यांचे आठवडे, निदान व तारखा निकालपत्रात मिळतात. संख्येने ही प्रकरणे अगदी थोडी आहेत, पण सर्वांत नीट नोंदलेली तीच. त्यांच्यावरून इतर गर्भपातांचा अंदाज बांधता येत नाही.